पदराखालचा आकडा

"माय, अंगठा पदराले पूस," असं मी म्हणाले, आणि माझं तोंड तर बंद होतं. तोंडात खारे शेंगदाणे होते. वाशिमच्या एसटी स्टँडवर मी रिसोडच्या गाडीची वाट पाहत उभी होते. नणंदेच्या घरी बारसं, पिशवीत झबलं-टोपडं, आणि डोक्यात एवढंच की खिडकीची जागा मिळेल की नाही. आवाज चौकशीच्या खिडकीशेजारून आला होता. आधी वाटलं, आपल्याच मनात उमटला असेल. वर्षानुवर्षं म्हटलेलं वाक्य, कधी भाजी निवडताना, कधी केस विंचरताना आपोआप ओठांवर येतंच. मग तो पुन्हा आला. "पूस ना माय, घाई नाई काई." ते 'घाई नाई काई' तर माझंच. शेवटच्या शब्दावर मी जरा खाली उतरते, पायरी उतरावी तशी, तेही त्यात होतं. मी शेंगदाणे गिळले आणि वळून पाहिलं. भिंतीला टेकून एक निळं कपाट उभं होतं, माणसाच्या छातीएवढं. त्याला काचेचा पडदा, आणि खाली अंगठा ठेवायची खाच, लाल उजेडाची. समोर धोतर नेसलेले एक म्हातारे बाबा उभे होते. त्यांना पदर नव्हता. ते बिचारे स्वतःकडे पाहत राहिले, मग सदऱ्याचं टोक धरून त्यांनी अंगठा पुसला, अगदी शहाण्या मुलासारखा. मला हसू आलं. नंतर जे झालं ते आठवलं की त्या हसण्याचाच राग येतो.

कारण पुढच्या क्षणी मी मोठ्यानं म्हणाले, "ग्यानबा बाबा, तुमच्या खात्यात," आणि आकडा सांगितला. अख्ख्या स्टँडला ऐकू जाईल असा. पगारी पेन्शन नव्हे काही, निराधाराचे जमलेले पैसे, पण हजारापासून सुट्ट्या रुपयांपर्यंत सगळा आकडा स्वच्छ, स्पष्ट, आपुलकीनं. बाकावर बसलेल्या दोन पोरांनी मोबाइलमधून माना वर केल्या. मूग विकणाऱ्या बाईनं बाबांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. बाबांनी कपाटाला हात जोडले आणि "बरं माय" म्हणून ते निघाले, आणि जाताना त्यांचा एक हात बंडीच्या खिशावर घट्ट होता. मला वाटलं, माझ्या अंगावरून कुणीतरी भर स्टँडवर लुगडं ओढलं. नाही, तसंही नव्हे. माझ्या हातून कुणीतरी दुसऱ्याचं ओढलं. मी आयुष्यात कधी कुणाचा आकडा मोठ्यानं बोललेली नाही. घरात नवऱ्यालाही सांगितला नाही, आणि धम्मपाल काही चौकशा करणारा माणूस नव्हे, तरी नाही. माझ्या सगळ्या कामात अभिमान धरण्यासारखं काही असलं तर ते एवढंच होतं.

काम म्हणजे बँकेचं. पण बँक म्हटली की लोकांच्या डोळ्यांपुढे पंखा, काउंटर आणि 'लंच टाइम' येतो, तसलं नाही. माझी बँक खांद्यावरच्या काळ्या पिशवीत होती. एक मोबाइल, एक मुठीत मावणारं अंगठ्याचं यंत्र, पावत्यांचं चिमुकलं मशीन आणि एक सतरंजीचा तुकडा. मेडशीत आणि आसपासच्या वस्त्यांवर मी 'बँकवाली दीपा'. धम्मदीपा एवढं मोठं नाव कोण घेणार. रेंज नसली की पाण्याच्या टाकीखाली बसायचं, तिथेही नसली की टाकीच्या पायऱ्यांवर. जिथे मी सतरंजी टाकली तिथे बँक. आणि बायकांचे अंगठे! मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, वांगी खुडून खुडून, खुरपं धरून धरून रेघाच उरलेल्या नसायच्या. यंत्र म्हणायचं, ही बाई ती बाई नाही. ज्या बाईला मी जन्मापासून ओळखते तिला ते दिल्ली-मुंबईला विचारून यायचं आणि सांगायचं, नाही. मग पदराला पुसायचा, मग केसांतल्या तेलाला जरासा लावायचा, मग पुन्हा पुसायचा, मग तोंडाची वाफ द्यायची. बायका लाजून हसायच्या. एवढ्या खटपटीनंतर लाल उजेड हिरवा झाला की एकेकीचा चेहरा असा उजळायचा की बँकेनं जणू तिला पैसे नाही, नाव परत दिलं. मला ते फार आवडायचं. मी बी.ए. झालेली, डी.एड. झालेली, मास्तरणीची नोकरी कधी न लागलेली बाई. मला वाटायचं, ही शाळाच आहे आपली.

आणि गोजरामाय. गोजराबाई, माळ्यांच्या आळीतली, गावालगतच्या वावरात भाजीपाला पिकवून बाजार करणारी. तिचं खातं मी उघडलं तेव्हा ती चार बायकांच्या मागे उभी होती आणि नंबर आला की पुन्हा मागे जायची. सगळ्या गेल्या तेव्हा पुढे आली आणि म्हणाली, माझे किती झाले ते बोलू नको. मी म्हटलं, मग कागद देते. तर तिला वाचता येत नव्हतं, आणि कागद घरात सापडला असता तर ज्याला वाचता येतं त्यानं वाचला असता. म्हणजे गजेंद्रनं, तिच्या मुलानं. मग तिनं माझा हात धरला आणि पदराखाली घेतला. तिचे वडील हिरालाल बैलबाजारातले दलाल होते. कारंज्याच्या बाजारात सौदा तोंडानं होत नसे, उपरण्याखाली होत असे. एकमेकांची बोटं दाबून. अख्खा पंजा धरला की पाच, मनगट दाबलं की हजार, तळवा दाबला की शेकडा. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी किंमत दोघांच्याच हातात राहायची. लहानपणी बापाच्या मांडीवर बसून ती हे शिकली होती आणि कुणाला शिकवायची वेळ आली नव्हती, कारण बाईचा सौदा कोण करणार. तिनं मला शिकवलं. दोन-तीनदा मी चुकले, तिनं माझं बोट धरून दुरुस्त केलं.

तो पहिला हात मला अजून आठवतो. माझ्या आजीला त्याच आळीत पाणी वरून ओतून मिळायचं, ओंजळीत. आजी ते सांगताना कधी रडली नाही, फक्त ओंजळ करून दाखवायची. आणि आता त्याच आळीतली बाई माझा हात पदराच्या आत घेऊन बसली होती, घामेजलेला, मेथीच्या वासाचा तिचा हात. तिलाही ते जाणवलं असणार, कारण ती जरा थांबली. मग म्हणाली, "तुहे हात नरम हायेत व. खुरपं नाई धरलं वाटते कदी." एवढंच. पुढे बाकीच्या बायकाही तसंच करायला लागल्या. सतरंजीवर बसायचं, अंगठा द्यायचा, हिरवा उजेड आला की पदर थोडा पुढे ओढायचा आणि हात आत. माझ्या बँकेत पैशाचा आवाजच व्हायचा नाही. गोजरामायचे पैसे कशासाठी, हे ती मला कधी सांगणार नव्हती, पण एकदा सांगितलं. रूपलासाठी, तिच्या लेकीसाठी. रूपला नवऱ्याचं घर सोडून कारंज्याला राहते, डाळीच्या मिलमध्ये जाते. भावानं तिचं नाव टाकलं आहे. घरात ते नाव निघत नाही. गोजरामायला तिच्यासाठी एक खोली घ्यायची होती, दाराला आतून कडी असलेली. 'आतून' हा शब्द ती दोनदा म्हणाली होती. किती जमले होते ते मला माहीत आहे. ते मी इथेही लिहिणार नाही.

रिसोडची गाडी लागली. लोक धावले. मी मात्र कपाटाजवळ गेले, एखाद्या मेलेल्या नातेवाइकाचं तोंड पाहायला जावं तशी, जायचं नाही आणि जायचंच. वर कंपनीचं नाव, माझ्या पिशवीतलं यंत्र जिचं होतं तिचंच, खाली मोठं चित्र. चित्र नव्हे, फोटो. हिरव्या लुगड्याचा पदर आणि त्याखालून अर्धवट दिसणारे दोन हात, एकमेकांत गुंतलेले. एकावर विळ्याची जुनी खूण, अंगठ्याच्या बुडाशी. दुसऱ्यात माझी निळी काचेची बांगडी. खाली लिहिलं होतं, 'आपला हिशोब, आपल्या माणसाकडून.' माझा चेहरा कुठेच नव्हता. तिचाही नव्हता. नुसते हात आणि आवाज. चेहरा ठेवला असता तर कदाचित कुणी विचारलं असतं, ही बाई कुठे आहे. मी लाल उजेडावर अंगठा ठेवला नाही. पण काचेला हात लागला असावा, कारण मी स्वतःला म्हणाले, "बस ना माय, काय पायजे तुले?" आणि मी उत्तर देणार होते. खरंच, तोंड उघडलं होतं मी.

पल्लवीला मी हे सगळं माझ्या हातानं दिलं. पल्लवी पुण्याहून आली होती, कंपनीकडून, 'गावपातळीवरचा अनुभव' घ्यायला. बारीक, चष्म्याची, मनमोकळी पोर. खोटं बोलणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, ती तशी नव्हती, आणि तेच तर सगळ्यात जास्त डाचतं. माझ्याच घरी उतरली. ज्वारीची भाकर तिला आवडायची, ती चुलीजवळ बसून खायची आणि ताई ताई करायची. माझ्यासोबत वस्त्यांवर फिरली, टाकीच्या पायऱ्यांवर बसली, बायकांच्या पोरांना कडेवर घेतलं. पदराखालचे हात तिनं पाहिले. किती सुंदर आहे हे, असं म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं. फोटो काढू का विचारलं. गोजरामायनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. चेहरा येणार नाही ना, एवढंच गोजरामायनं विचारलं, आणि पल्लवीनं तिच्या गळ्याची शपथ घेतली. शपथ तिनं पाळली, ते मान्यच करायला हवं. मग ती माझा आवाज टिपायला बसली. माझ्या स्वयंपाकघरात, पंखा बंद करून, कुकर बंद करून. नव्या बँकमित्र बायकांना शिकवायला लागतो म्हणाली, तुमच्यासारखं कुणी बोलत नाही ताई. मला काय, मी फुलून गेले. मी एक ते शंभर आकडे म्हटले, मग शेकडे, मग हजार, लाख. आकडे मोठ्यानं म्हणताना कसंतरीच वाटलं, पण ते कुणाचेच नव्हते, नुसते आकडे. मग नावं म्हटली. मग नुसतीच बडबड, पावसाची, भाजीची, काहीही बोला ताई. चालेल ना ताई हे वापरलं तर, असं तिनं मध्येच विचारलं, आणि मी तव्यावरची भाकर उलटत म्हटलं, हो ग, त्यात काय. जाताना तिनं माझ्या पाया पडायचा प्रयत्न केला. मी पडू दिलं नाही, आमच्यात नाही तसं, म्हटलं जयभीम कर. तिनं केलं.

मग काही महिन्यांनी कंपनीचा निरोप आला की केंद्र 'अद्ययावत' होत आहे, पिशवीतलं यंत्र जमा करा. धम्मपालची बदली जिल्हा परिषदेत झालीच होती, आम्ही वाशिमला खोली घेतली. मला वाटलं, दुसरी कुणी पोर येत असेल माझ्या जागी, सतरंजी टाकत असेल. तिला बोटांची भाषा कुणी शिकवली असेल का, अशीही काळजी वाटली. मला काय ठाऊक की माझ्या जागी मीच बसवलेली आहे.

रिसोडची गाडी माझ्यासमोरून निघून गेली. मी अकोल्याच्या गाडीत चढले, कारण ती मालेगाववरून मेडशीला जाते. नणंदेला काय सांगायचं ते सुचलं नाही, फोन आला तो घेतला नाही. खिडकीची जागा मिळाली, आता काय उपयोग. गाडी सुटल्यावर मी पल्लवीला फोन लावला. तिनं लगेच उचलला, नंबर ठेवला होता तिनं. तिला आनंदच झाला. सांगत सुटली, ताई तुमचा आवाज आता कितीतरी तालुक्यांत आहे, जी वाक्यं तुम्ही बोललाच नाहीत तीही तो तुमच्यासारखीच बोलतो, म्हाताऱ्या बायका त्याच्याशी गप्पा मारतात. मी विचारलं, आकडा मोठ्यानं का बोलतो. बहुतेक प्रश्नच कळला नाही तिला. मग समजावून सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं. ज्यांना वाचता येत नाही त्यांना मधली माणसं फसवतात ताई, कमी आकडा सांगतात, म्हणून सगळ्यांसमोर मोठ्यानं. पारदर्शकता म्हणाली. मधली माणसं म्हणजे कोण, हे मी विचारलं नाही. तिनं माझी भाकर खाल्ली होती, तिला विचारावं कसं. मी एवढंच म्हटलं, ते हात तू पाहिले होतेस ना पल्लवी. ती म्हणाली, हो ना, म्हणून तर फोटो सगळ्या मशीनवर ठेवला आम्ही, तुमच्याशिवाय हे झालंच नसतं. आणि मग जरा हळू आवाजात, तुमचा होकार आहे ताई आपल्याकडे, रेकॉर्डमध्ये, भाकरीचा आवाजसुद्धा येतो मागे. ते ती लाडानं म्हणाली की बजावून, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. मी फोन ठेवला. शेजारच्या बाईनं विचारलं, काय झालं व बाई, कोनी गेलं काय. मी मान हलवली, हो आणि नाही दोन्ही वाटेल अशी.

सोयाबीनची कापून झालेली वावरं मागे जात होती, मध्ये मध्ये तुरीचे पट्टे उभे. आणि मला आता एकेक गोष्ट जागेवर बसताना दिसू लागली, न मागता. दिवाळीपासून गोजरामाय फोन उचलत नव्हती. मी धरून चालले होते की मोबाइल बिघडला. वाशिमच्या बाजारात एकदा दिसली, कधी नव्हे ती इतक्या लांब माल घेऊन आलेली. मी हाक मारली तर ती मेथीवर पाणी शिंपडायला लागली, खाली मान घालून, ओली असलेली मेथी पुन्हा पुन्हा ओली करत. मी म्हटलं गिऱ्हाईक आहे, नंतर येऊ. नंतर आले तर जागा रिकामी होती. तेव्हाही मी काहीबाही समजूत घातली स्वतःची. आपल्यावर कुणी रागावलं असेल हे माणसाला सगळ्यात शेवटी सुचतं, आणि मला तर बिलकुल सुचलं नाही, कारण मी काहीच केलेलं नव्हतं. काहीच न करता माणूस इतकं करू शकतो, हे मला त्या गाडीत कळलं. घशाशी हात नेला. वाटलं, इथून काहीतरी काढून नेलं आहे, आणि जखम तर कुठेच नाही.

मेडशीच्या थांब्यावर भागिरथा भेटली. आमच्याच वस्तीतली, माझ्या बंद घराच्या शेजारची, सरपणाची मोळी उतरवून बसलेली. मला पाहून तिनं आधी डोळे बारीक केले, मग जागा करून दिली. मी विचारायच्या आधीच ती बोलू लागली, जणू इतके दिवस माझ्या येण्याचीच वाट पाहत होती. यंत्र ग्रामपंचायतीच्या ओसरीवर बसवलं, त्या दिवशी खाती नव्यानं तपासायची म्हणून सगळ्या गावाला बोलावलं होतं. दीपा आली, दीपा बोलून राह्यली, असा गलका झाला. बायका हसल्या, खूश झाल्या. "आमाले वाटलं, तू वाशिमात बसून बोलतं. फोनवर बोलते तशी." गोजराबाईचा नंबर आला तेव्हा मागे गजेंद्र उभा होता, त्याच्या मागे अर्धी आळी. ती आधी तयार नव्हती, तशीच मागे मागे सरकत होती. मग तिनं फोटो पाहिला. स्वतःचा हात ओळखला. आणि पुढे गेली.

"अंगठा देल्ला तिनं," भागिरथा म्हणाली. "मंग तू इचारलं, सांगू काय माय, किती झाले ते? थे म्हने, हो बाई, सांग. अन् पदर पुढं ओढला, अन् हात पुढं केला त्या डब्ब्याकडे. पदराखालून. लोकं पाहातच राह्यले. थे हात धरून उभी, अन् तू बोलली."

मी पुढचं ऐकलं, पण ते दुरून आल्यासारखं. गजेंद्र ओरडला नाही. त्यानं सगळ्यांसमोर एवढंच विचारलं, कुणासाठी. रूपलाचं नाव कुणी घेतलं नाही आणि सगळ्यांना समजलं. घरी काय झालं ते भागिरथाला ठाऊक नव्हतं. पुढच्याच आठवड्यात गोजराबाई पुन्हा ओसरीवर आली, मुलासोबत, आणि त्याच लाल उजेडावर अंगठा ठेवून तिनं सगळे काढून दिले. ठिबकच्या नळ्या आल्या वावरात. रूपला एकदा येऊन गेली म्हणे, वेशीपर्यंत, घरात गेली नाही. तेव्हापासून बायकांनी यंत्राकडे जाणं सोडलं, गोजराबाईनं पैसे भिंतीतल्या डब्यात ठेवायला सुरुवात केली, आधी ठेवायची तशी. भागिरथानं मोळी उचलली, मग पुन्हा ठेवली. "एक इचारू काय? तुले त्यायनं पैशे देल्ले असतीन ना, बोलाचे?" मी नाही म्हटलं. तिनं मान डोलावली आणि मोळी डोक्यावर घेतली. ती मान मला चांगली ओळखीची आहे. समोरच्याला खोटं पाडायचं नसलं की आमच्याकडे तशी मान डोलावतात.

ग्रामपंचायत टाळून मी मागच्या पांदीनं, वावरांमधल्या अरुंद वाटेनं, गेले. तरी ओसरीवरून माझा आवाज आलाच, कुणाला तरी बसायला सांगत होता. संध्याकाळची उन्हं तिरपी झाली होती. गोजरामाय वावराच्या बांधावर मेथीच्या जुड्या बांधत बसली होती, समोर पाण्याची बादली, बाजूला ओल्या गोणपाटाखाली बांधून झालेला माल. नव्या काळ्या नळ्या वाफ्यांतून सरळ गेल्या होत्या. रस्ता चार पावलांवर, त्यावरून कुणी सायकलीवर, कुणी बैलगाडीत घरी परतत होतं. तिनं मला पाहिलं आणि ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. मी चपला काढून बसले आणि मेथी ओढून जुडी बांधायला लागले. माझी जुडी सैल झाली. तिनं ती घेतली, सोडली, पुन्हा बांधली. पूर्वी असं झालं की ती माझ्या नरम हातांवरून चिडवायची.

गाडीत मी सगळं जुळवून ठेवलं होतं, काय आधी सांगायचं, काय नंतर. त्यातलं काहीच आलं नाही. "गोजरामाय, तो आवाज माझा नव्हता," असं निघालं तोंडून. तिनं जुडीला दोरा गुंडाळला, दातानं तोडला.

"मंग कोनाचा होता?"

मी सांगितलं. पल्लवी, स्वयंपाकघर, आकडे, यंत्र कसं आवाज शिकून घेतं आणि मग न बोललेलंही बोलतं. मी नव्हतेच तिथे, मी वाशिममध्ये होते, मला आज कळलं. सांगताना माझं मलाच ऐकू येत होतं की हे किती खोटं वाटतं. पोरानं काच फोडावी आणि वाऱ्यानं फुटली म्हणावं, तसं. तिनं ऐकून घेतलं सगळं, हात चालू ठेवून. मग म्हणाली, "मी तं तुह्या भरोश्यावर हात पुढं केला. कोनी धरनच, असं वाटलं मले." रागानं नाही म्हणाली. रागावली असती तर मी तिच्या पायाशी बसून रडले असते, तीही रडली असती, झालं असतं काहीतरी. ती फक्त जे घडलं ते सांगत होती, भाव सांगावा तसं. माझे डोळे भरून आले ते तिनं पाहिलं आणि बादलीतलं पाणी मेथीवर शिंपडलं.

मला तिला आणखी एक सांगायचं होतं. मी गाडीत ठरवलं होतं, रूपलाच्या खोलीसाठी माझ्याकडून, हळूहळू, धम्मपालला सांगून किंवा न सांगता. किती, ते मी मनाशी धरलं होतं. आणि ते सांगायची एकच रीत मला येत होती. मी सरकले, तिच्या पदराचं टोक उचललं आणि हात आत नेला. तिचा हात सापडला. तोच, विळ्याच्या खुणेचा, ओला, मेथीच्या वासाचा. मी मनगट दाबलं आणि बोट धरणार तोच तो निघून गेला, माझ्या मुठीतून, अलगद, ओढून न घेता. पदर तिनं नीट खोचला.

"हात कायले देतं आता," ती म्हणाली. "बोल ना तोंडानं. बोलतंच तं हाये तू."

मी हात मांडीवर ठेवला. बोलायलाच हवं होतं आता, दुसरं काही उरलं नव्हतं माझ्याजवळ. मी आवाज जमेल तेवढा खाली आणला, घसा साफ केला, आणि म्हटलं, "माय." एवढा एकच शब्द. तर गोजरामायनं झटकन मान वर केली, माझ्याकडे नाही, रस्त्याकडे, आणि कोण कोण ऐकतंय ते पाहिलं.